आरंभाचा अधिकार : एका दीर्घ खेळमालिकेच्या निमित्ताने

१

'कोठून सुरुवात करावी?' हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहारातला आहे. ग्रंथालयात, दुकानात, मित्रांच्या गप्पांत तो सहज विचारला जातो आणि तितक्याच सहजपणे त्याचे उत्तरही दिले जाते. साहित्यविचाराने त्याची स्वतंत्र दखल घेतलेली नाही, याचे कारण उघड आहे. कादंबरीला पहिले पान असते, नाटकाला पहिला प्रवेश असतो. आरंभ कोठे करावा हे कलाकृतीनेच ठरवलेले असते आणि वाचक त्या निर्णयाचा मुकाट स्वीकार करतो. आरंभ म्हणजे ज्याच्या आधी काही असणे अनिवार्य नाही, परंतु ज्याच्यानंतर काही येणे स्वाभाविक आहे ते, ही अ‍ॅरिस्टॉटलची व्याख्या अशाच एकसंध, एका दृष्टिक्षेपात मावणाऱ्या कृतीला उद्देशून आहे. परंतु जी कृती दोन-तीन दशके रचली जात राहते, जिच्या प्रत्येक भागाला स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा शेवट असतो, आणि जिच्यापाशी बहुसंख्य लोक उशिरा पोहोचतात, तिच्या संदर्भात हा प्रश्न कलाकृतीकडून ग्रहण करणाऱ्याकडे सरकतो. आरंभ ही तेथे निवड होते, आणि निवड म्हटली की तिच्या मागोमाग जबाबदारी येते.

या स्थितीचे आजचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमच्या दीर्घ मालिकांत सापडते. या प्रकारात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याच्याबरोबर प्रवास करतो, लढतो, लोकांशी बोलतो आणि पन्नास-साठ तासांच्या अवधीत एक सविस्तर कथन उलगडत नेतो. येथे कथन केवळ ऐकले किंवा वाचले जात नाही, त्यात हिंडावे लागते. निहोन फाल्कॉम या जपानी संस्थेची 'किसेकी' मालिका या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. २००४ मध्ये 'सोरा नो किसेकी'पासून सुरू झालेल्या या मालिकेत २०२४ च्या 'काइ नो किसेकी'पर्यंत तेरा मुख्य खेळ झाले. ते सर्व झेमुरिया नावाच्या एकाच कल्पित खंडात, एकाच चालत्या इतिहासात घडतात. पहिल्या तीन खेळांत लिबर्लचे छोटे राज्य आहे, पुढच्या दोहोंत क्रॉसबेल हे दोन बलाढ्य सत्तांमध्ये चेपलेले नगरराज्य आहे, त्यानंतरच्या चार भागांच्या 'सेन नो किसेकी'त एरेबोनियाचे साम्राज्य आहे, आणि अलीकडच्या भागांत कॅल्व्हर्डचे प्रजासत्ताक आहे. एका भागातील पात्रे दुसऱ्या भागात वयाने वाढून भेटतात. एका राज्यातील निर्णयाचे परिणाम दुसऱ्या राज्यातील बाजारपेठेत उमटतात.

या मालिकेपाशी नव्याने आलेला माणूस जुन्या खेळाडूला हाच प्रश्न विचारतो आणि त्याला बहुधा एकच उत्तर मिळते : पहिल्यापासून. या उत्तरात तीन गृहीतके दडलेली आहेत. 'पहिला' असा एक निश्चित भाग आहे, हे एक. निर्मितीचा क्रम हाच आकलनाचा योग्य क्रम होय, हे दुसरे. आणि नंतरच्या भागाचा आस्वाद घेण्याची पात्रता आधीचे भाग पार केल्यानेच येते, हे तिसरे. यांतील पहिले गृहीतक इतिहासविषयक आहे, दुसरे कथनमीमांसेच्या क्षेत्रातले आहे आणि तिसरे नैतिक आहे. त्यांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

'पहिल्या'चा शोध घेऊ लागताच तो मागे मागे सरकू लागतो. २००४ च्या 'सोरा नो किसेकी'चे पूर्ण शीर्षक पाहिले तर त्यात 'एइयू देन्सेत्सु' या मालिकेचा सहावा भाग अशी नोंद आढळते. 'एइयू देन्सेत्सु' म्हणजे वीरांची आख्यायिका. त्या मालिकेचा पहिला खेळ १९८९ चा. आणि तोही 'ड्रॅगन स्लेयर' या १९८४ पासूनच्या मालिकेतला सहावा मानला जातो. म्हणजे ज्याला आज सर्वजण पहिला म्हणतात तो सहाव्याचा सहावा आहे. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच पहिल्या भागाची नव्याने घडवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यामुळे मुळाच्या मागे जशी मुळे निघाली तसे पहिल्यालाच आता एक जुळे भावंड मिळाले आहे.

क्रमांकांचा आधारही असाच फसवा असतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'फायनल फँटसी' मालिकेचा चौथा भाग १९९१ मध्ये अमेरिकेत 'दुसरा' म्हणून विकला गेला, कारण खरे दुसरा आणि तिसरा हे भाग तेव्हा तेथे पोहोचलेच नव्हते. १९९४ मध्ये सहावा भाग 'तिसरा' म्हणून आला. त्या काळातल्या अमेरिकी मुलाने क्रमांक पाहून इमानाने क्रम पाळला, आणि तो क्रम व्यापाराच्या सोयीने तयार झालेला होता. त्या मालिकेत प्रत्येक क्रमांकित भागाचे जग आणि पात्रे वेगळी असल्यामुळे या घोटाळ्याने कथनाची फारशी हानी झाली नाही. परंतु क्रमांक ही वस्तूची अंगभूत खूण नसून वितरणाने चिकटवलेली चिठ्ठी असू शकते, एवढे त्यातून सिद्ध होते.

एडवर्ड सैद यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात मूळ आणि आरंभ यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. मूळ हे दैवी, मिथ्यात्मक, सर्व पुढील गोष्टींवर अधिराज्य गाजवणारे असते. आरंभ ही मानवी, ऐहिक, हेतुपूर्वक केलेली आणि पुन्हापुन्हा तपासता येणारी कृती असते. 'पहिल्यापासून' असे सांगणारा बहुधा आरंभाच्या प्रश्नाला मुळाचे उत्तर देत असतो. भारतीय परंपरेला हा भेद अपरिचित होता असे मात्र नाही. महाभारताच्या आदिपर्वातच अशी नोंद आहे की काहीजण मनूपासून, काहीजण आस्तीकाच्या कथेपासून, तर काहीजण उपरिचराच्या आख्यानापासून भारताचे अध्ययन सुरू करतात. संहितेने या तीन आरंभांची नोंद केली आहे, आणि त्यांपैकी एकालाही चूक ठरवलेले नाही. दीर्घ, अनेक हातांनी आणि अनेक काळांत वाढलेल्या कृतीचे हे आत्मभान आहे : आपल्यात शिरण्याची दारे अनेक आहेत हे तिला ठाऊक असते.

३

'पहिला' अनिश्चित असला तरी क्रमाला काही अर्थ उरतो की नाही, हा प्रश्न स्वतंत्र आहे. रशियन रूपवाद्यांनी घटनांचा कालक्रम आणि त्यांच्या मांडणीचा क्रम यांत भेद केला आणि साहित्याचे साहित्यपण दुसऱ्यात शोधले. दीर्घ मालिकेत या दोहोंमध्ये तिसऱ्या एका क्रमाची भर पडते. तो म्हणजे ग्रहण करणाऱ्याच्या आगमनाचा क्रम. एकाच पुस्तकाच्या बाबतीत तो सहसा मांडणीच्या क्रमाशी एकरूप असतो, म्हणून त्याचे अस्तित्व जाणवत नाही. मालिकेत तो सुटा होतो.

हे तीन क्रम परस्परांशी कसे झगडतात हे १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' मालिकेत पाहता येते. तिचा १९८८ चा तिसरा भाग कालक्रमाने पहिल्याच्या आधीचा आहे. परंतु ही गोष्ट खेळणाऱ्याला बरीच उशिरा कळते. तो अनोळखी म्हणून ज्या प्रदेशात उतरतो तो त्याने पहिल्या भागात पायी तुडवलेला प्रदेश निघतो, आणि ज्या पुराणवीराचे नाव त्याने तेथे ऐकले होते ते नाव आता त्यालाच मिळते. या प्रकटीकरणाचा सारा परिणाम स्मृतीवर अवलंबून आहे. मात्र या खेळांच्या नव्या आवृत्त्या काढताना प्रकाशकाने तिसरा भाग २०२४ मध्ये आणि पहिला व दुसरा २०२५ मध्ये, म्हणजे कालक्रमानुसार, प्रसिद्ध केले. या वाटेने येणाऱ्या नव्या खेळाडूला घटना सुसंगत क्रमाने मिळतात, परंतु ओळख पटण्याचा तो क्षण मिळत नाही, कारण ओळखण्यासारखे त्याच्या गाठीशी काहीच नसते. त्याला त्याऐवजी दुसरे काही मिळते : आपण घडवलेला इतिहास पुढच्या खेळात दंतकथा होऊन भेटण्याचा अनुभव. एकात ओळख पटल्याचे विस्मय आहे, दुसऱ्यात कालौघाची खिन्नता आहे. दोन्ही खरे आहेत, पण एकाच माणसाला दोन्ही प्रथमानुभव म्हणून मिळू शकत नाहीत.

'किसेकी'तील एका प्रसंगाने हा मुद्दा अधिक तीव्र होतो. रेन ही मुलगी लिबर्लच्या कथेतून येते. आईवडिलांनी आपल्याला विकले अशी तिची समजूत आहे, आणि त्यानंतर तिच्या वाट्याला काय आले ते २००७ च्या तिसऱ्या भागात जवळजवळ असह्य होईल अशा रीतीने सूचित केले आहे. २०१० च्या 'झेरो नो किसेकी'त क्रॉसबेलमध्ये एक जोडपे आपल्या गमावलेल्या मुलीविषयी बोलते : कर्जाच्या फेऱ्यात सापडल्यामुळे तिला विश्वासाने दुसऱ्यांकडे ठेवले होते, आणि ते घर जळाले. रेन आड राहून हे ऐकते. ज्याने या मालिकेत 'झेरो'पासून प्रवेश केला त्याच्या दृष्टीने हा एक हृदयस्पर्शी प्रसंग आहे. ज्याने आधीचे तीन भाग खेळले आहेत त्याच्यासाठी एक जुनी जखम येथे पहिल्यांदा बाहेरून दिसते. रेनची समजूत आजवर त्याचीही समजूत होती, आणि ती तिच्याबरोबरच कोसळते. दोघांसमोरचे शब्द, चित्रे, संगीत सारखेच आहे. फरक संहितेत नसून खेळणाऱ्याच्या संस्कारात आहे. सहृदयाच्या ठिकाणी पूर्वसंस्कार असल्याशिवाय रसनिष्पत्ती नाही, असे अभिनवगुप्त मानतो. येथे तो संस्कार अनादी वासनेचा नसून तीन विशिष्ट खेळांत साठलेला आहे.

प्रकाशनक्रमाचा आग्रह धरणाऱ्यांची खरी बाजू ही आहे, आणि ती बळकट आहे. लेखक जसे ज्ञान वाटतो तसेच अज्ञानही वाटून ठेवतो. कोणती गोष्ट कोणत्या क्षणापर्यंत माहीत नसावी, ही त्याच्या रचनेची अर्धी कला असते. ज्ञान मिळवता येते, पण मिळालेले परत करता येत नाही. म्हणून चुकीच्या जागी केलेला आरंभ ही साधी गैरसोय राहत नाही; काही दारे त्याने कायमची बंद होतात.

४

परंतु या युक्तिवादाची परीक्षा घेणारा एक प्रयोग इतिहासाने आपण होऊन करून ठेवला आहे. इंग्रजीतून खेळणाऱ्यांना 'सोरा'चा पहिला भाग २०११ मध्ये आणि दुसरा २०१५ मध्ये मिळाला. त्याच २०१५ च्या अखेरीस 'सेन नो किसेकी'चा पहिला भाग आला. त्याचे चारही भाग २०२० पर्यंत पूर्ण झाले. क्रॉसबेलचे दोन खेळ मात्र अधिकृत इंग्रजी रूपात २०२२ आणि २०२३ मध्ये अवतरले. चाहत्यांनी केलेली अनधिकृत भाषांतरे आधीपासून फिरत होती. तरीही मोठ्या संख्येने लोकांनी साम्राज्याची कथा अखेरपर्यंत पाहिली ती क्रॉसबेल वगळून. वस्तुतः दोन्ही कथा समकालीन आहेत. १२०४ सालच्या उन्हाळ्यात क्रॉसबेलमध्ये भरणारी व्यापार परिषद 'आओ नो किसेकी'त शहराच्या आतून दिसते आणि 'सेन'मध्ये साम्राज्याच्या सीमेवरील किल्ल्यातून.

या अपघाती क्रमाचा परिणाम केवळ रहस्यभेदापुरता नव्हता. 'सेन'चे नायक साम्राज्याच्या सैनिकी विद्यालयाचे विद्यार्थी आहेत. ते सहृदय आहेत, सरदार आणि सामान्य यांतील दरी त्यांना अस्वस्थ करते, पण त्यांची भूमी ती आहे. त्यांच्याबरोबर आरंभ करणाऱ्याला क्रॉसबेल प्रथम भेटते ते बातमी म्हणून, सीमेपलीकडची समस्या म्हणून, आणि पुढे साम्राज्याने गिळलेला प्रांत म्हणून. २०१७ च्या तिसऱ्या 'सेन'मध्ये विद्यार्थ्यांचे पथक त्या शहरात जाते तेव्हा हा खेळाडू तेथे प्रवासी असतो. क्रॉसबेलपासून आरंभ केलेला खेळाडू त्याच रस्त्यावर परततो तो तेथील पोलीस ठाण्यात काम केलेला माणूस म्हणून. बेकरीवाला कोण, इस्पितळातली परिचारिका कोण, कोणाचे मूल हरवले होते हे त्याला ठाऊक असते. साम्राज्याच्या गणवेशात त्याच शहरात फिरताना त्याला जी लाज वाटते ती पहिल्याला वाटू शकत नाही.

आरंभाच्या निवडीतला नैतिक ऐवज येथे आहे. प्रथम ज्याच्या डोळ्यांनी जग पाहिले जाते त्याला सहानुभूतीचे पहिले हक्क मिळतात; नंतर येणाऱ्यांना ते मागून घ्यावे लागतात. इतिहासाच्या अभ्यासकांना ही गोष्ट परिचित आहे. एखाद्या साम्राज्याचा इतिहास राजधानीपासून वाचायला घ्यावा की अंकित प्रदेशापासून, हा निर्णय पुढील सर्व वाक्यांवर सावली टाकतो.

तरीसुद्धा 'सेन'पासून आरंभ करणाऱ्यांचा अनुभव बिघडलेला होता असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. त्यांपैकी ज्यांनी २०२२ मध्ये 'झेरो' हाती घेतला, त्यांना आपल्याच जुन्या दृष्टीकडे मागे वळून पाहावे लागले. ज्या नावांजवळून ते पूर्वी निर्विकारपणे गेले होते त्या नावांना चेहरे मिळाले. आपल्या अनभिज्ञतेची जाणीव होणे हाही एक संस्कार आहे, आणि तो योग्य क्रमाने चालणाऱ्याला उपलब्ध नाही. गादामर यांच्या परिभाषेत बोलायचे तर पूर्वग्रह हा आकलनाचा अडसर जसा असतो तशी ती आकलनाची पूर्वअटही असते. प्रश्न इतकाच असतो की तो पणाला लागतो की नाही. अर्थात ही भरपाई आपोआप होत नाही. जो 'सेन'नंतर थांबला त्याच्यापुरते क्रॉसबेल हे कायमचे बातमीतले शहर राहिले. चुकीच्या आरंभाचे समर्थन पुढचा प्रवास करतो. प्रवासच झाला नाही तर ते समर्थन हवेत राहते.

५

आता तिसरे गृहीतक उरते : आधीचे पार केल्याशिवाय पुढच्याचा अधिकार नाही. भारतीय शास्त्रपरंपरेत ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी स्पष्ट करण्याची पद्धत होती. त्यांतील अधिकाऱ्याचा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच शब्दापाशी उभा राहतो. तो शब्द 'अथ'. शंकराचार्यांच्या मते येथे 'अथ'चा अर्थ आरंभ असा नसून 'त्यानंतर' असा आहे. मग कशानंतर? रामानुजांचे उत्तर असे की कर्ममीमांसेच्या विचारानंतर, कारण पूर्व आणि उत्तर मीमांसा हे एकाच शास्त्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग वगळून दुसऱ्यात शिरणे अयोग्य. शंकराचार्य हा आग्रह नाकारतात. धर्मजिज्ञासा आधी झालीच पाहिजे असे नाही. नित्यानित्यविवेक, वैराग्य, शमदमादी साधने आणि मुक्तीची तळमळ एवढे असले म्हणजे ब्रह्मजिज्ञासा करता येते. म्हणजे एकाच्या मते अधिकार आधीच्या खंडाच्या अध्ययनातून येतो, दुसऱ्याच्या मते जिज्ञासूच्या आजच्या मनःस्थितीतून. खेळाची तुलना ब्रह्मविद्येशी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु दीर्घ परंपरेत उशिरा येणाऱ्याला काय मागावे, या प्रश्नाची दोन मूलभूत उत्तरे या वादात स्वच्छपणे वेगळी झालेली आहेत.

शंकराचार्यांचे उत्तर उदार वाटते, आणि या मुद्द्यापुरते ते आहेही. परंतु त्याच भाष्यात पुढे अपशूद्राधिकरण येते आणि तेथे शूद्राला वेदाध्ययनावर आधारलेल्या ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला जातो. पूर्वअध्ययनाची अट सैल करणारा हात जन्माची अट घट्ट करतो. अधिकार या संकल्पनेचा कोणताही प्रामाणिक विचार या पानावरून पुढे जाऊ शकत नाही. पात्रता म्हणजे तयारी, की पात्रता म्हणजे पहारा, हा संभ्रम त्या शब्दाच्या पोटातच आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदांच्या कृपणपणावर ठेवलेले बोट याच पहाऱ्याकडे रोखलेले आहे. मराठी साहित्याचा एक थोर आरंभच मुळी असा आहे की ज्यांना आधीच्या ग्रंथांपासून दूर ठेवले होते त्यांच्यासमोर नंतरचा ग्रंथ त्यांच्या भाषेत उघडला गेला.

खेळांच्या जगातल्या पहाऱ्यात जन्माची हिंसा नाही, आणि दोहोंना एका मापाने मोजणे हा दुःखाचा अपमान ठरेल. परंतु पहारेकऱ्याचे मन ओळखता येते. तेरा खेळांना प्रत्येकी पन्नास-साठ तास धरले तरी साडेसहाशे ते पावणेआठशे तास होतात. रोज एक तास दिला तर सुमारे दोन वर्षे. 'आधी ते सर्व करून ये' हा सल्ला विद्यार्थ्याला, नोकरदाराला, घरातले आजारपण सांभाळणाऱ्याला दिला जातो तेव्हा तो सल्ला राहत नाही; ती प्रवेशपरीक्षा होते. मर्यादित आयुष्यातील दोन वर्षे मागणाऱ्याने ती कशासाठी मागतो आहोत हे सांगितले पाहिजे. अनेकदा खरे कारण सांगितले जात नाही, कारण ते सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. सल्लागाराला आपला प्रथमानुभव पुन्हा मिळणार नाही. तो दुसऱ्याच्या ठिकाणी तरी तसाच घडावा आणि आपल्या गतकाळाला एक साक्षीदार मिळावा, ही इच्छा त्या आग्रहामागे असते. ती इच्छा मानवी आहे, पण ती सल्ला नव्हे. जुन्या खेळाडूचा आरंभ त्याच्या वयाचा, त्या वर्षाच्या यंत्रांचा, पुढचा भाग अजून निघालेला नसण्याच्या प्रतीक्षेचा भाग होता. २००४ मध्ये पहिला भाग अधांतरी संपला आणि दुसरा २००६ मध्ये आला. ती दोन वर्षांची वाट पाहणे आता कोणालाही देता येत नाही. क्रम जसाच्या तसा पाळला तरी अनुभव तोच राहत नाही.

याच्या उलट 'कोठूनही सुरू करा' हे उत्तर उदारतेचा आव आणते, परंतु त्यात जबाबदारी झटकलेली असते. रेनचा प्रसंग ज्याला ठाऊक आहे त्याने, सर्व दारे सारखीच आहेत, असे सांगणे म्हणजे माहीत असलेली हानी लपवणे होय. विचारणाऱ्याने प्रश्न विचारला तो याच माहितीसाठी. प्रश्न विचारणे ही विश्वासाची कृती आहे. ज्याचा प्रथमानुभव एकदाच होणार आहे तो माणूस त्याचा अंशतः ताबा दुसऱ्याला देतो.

या दोहोंमधला मार्ग अधिकारिभेदाच्या कल्पनेत आहे, मात्र ती कल्पना पहारेकऱ्याच्या हातून काढून घेऊन विचारणाऱ्याच्या बाजूने उलटवावी लागते. कोणासाठी कोणते दार, हे दाराची राखण करणाऱ्याने ठरवायचे नसून येणाऱ्याच्या गरजेवरून उमगायचे असते. ज्याच्यापाशी वेळ आणि संथ कथनाची आवड आहे त्याला लिबर्लपासून सुरू करण्यास सांगणे योग्य. त्याचे कारण लिबर्ल पहिले आहे हे नाही. या मालिकेत प्रत्येक लहान घटनेनंतर गावातील जवळजवळ प्रत्येक सामान्य माणसाचे बोलणे बदलते. नामांकित वीरांइतकीच किरकोळ माणसांची आठवण ठेवणे ही तिची नीती आहे, आणि ही सवय लिबर्लच्या छोट्या गावांत सर्वांत सावकाश लागते. ज्याला एका शहराच्या राजकारणात रस आहे त्याने क्रॉसबेलमधून यावे, रेनचा प्रसंग आपल्याला अर्धाच कळेल हे जाणून. ज्याला साम्राज्याची कथाच खुणावते आहे त्याने तेथून यावे, परंतु सीमेपलीकडच्या बातम्यांत माणसे आहेत एवढे त्याला सांगून ठेवावे. प्रत्येक दारापाशी काय मिळेल आणि काय गमावेल हे सांगणे सल्लागाराचे कर्तव्य आहे. आत कोठून शिरावे ही निवड मात्र त्याची नव्हे.

६

'किसेकी' या शब्दाचा अर्थ मार्गावर उमटलेल्या खुणा असा आहे. खुणा नेहमी कोणीतरी आधी जाऊन गेल्याचे सांगतात. खुणांच्या वाटेवर पाऊल ठेवणारा कधीच पहिला नसतो. ही जाणीव मालिकेच्या तथाकथित पहिल्या प्रसंगातच आहे. एका रात्री एस्टेल नावाची मुलगी घरी वडिलांची वाट पाहत असते. वडील येतात ते एका जखमी मुलाला घेऊन. तो कोण, कोठून आला, त्याला कोणी जखमी केले, यांपैकी काहीही सांगितले जात नाही. त्याला घरात ठेवून घेतले जाते, त्याचे नाव जोशुआ आहे एवढे कळते आणि कथा पाच वर्षे पुढे जाते. त्याच्या भूतकाळाविषयी त्याला विचारायचे नाही असे ते कुटुंब ठरवते. तो सांगेल तेव्हा ऐकायचे. तो सांगतो ते त्या खेळाच्या अगदी शेवटी, आणि सांगून निघून जातो.

म्हणजे जो भाग सर्वांच्या मते आरंभीचा, त्याच्या केंद्रस्थानी असा माणूस आहे ज्याचे आधीचे खंड कोणीही वाचलेले नाहीत. एस्टेल त्याच्याबरोबर मधूनच आरंभ करते. तिच्या प्रेमाला पूर्वअध्ययनाची अट नाही; परंतु पुढे त्याचा भूतकाळ समोर येतो तेव्हा ती त्याच्याकडे पाठही फिरवत नाही, त्याच्या शोधात निघते. अपूर्ण माहितीवर आरंभ करण्याचे स्वातंत्र्य आणि मागाहून कळलेल्या गोष्टींना सामोरे जाण्याचे बंधन, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आहेत. दीर्घ मालिकेपाशी नव्याने येणाऱ्याकडून याहून अधिक काही मागता येत नाही, आणि याहून कमी मागणे त्या मालिकेवर अन्याय करणारे ठरेल.